इस्त्रीची भूक

आमच्या थोरल्या काकूला अख्खी गल्ली ‘कडक काकू’ म्हणायची. एक तर तिची इस्त्री कडक, आणि दुसरं म्हणजे तिच्याशी हुज्जत घालायला गेलेला माणूस चार घड्या पडूनच परत यायचा. उंचीने ती माझ्या खांद्याला लागायची. आवाज मात्र असा, की कोपऱ्यावरचा सायकलवाला हातातला पाना खाली ठेवून ऐकायचा.

घर दोघा भावांनी मिळून बांधलेलं, काकाने आणि माझ्या बाबांनी. रस्त्याकडची पुढची खोली काकाची, मागच्या दोन आमच्या. स्वयंपाकघर, न्हाणीघर सामाईक आणि विजेचा मीटरही एकच. काका गेला तेव्हा काकूकडे ती खोली राहिली, एक लाकडी टेबल राहिलं आणि वर सगळ्यांकडून मिळालेले भरपूर सल्ले. सल्ले तिने ज्याचे त्याला परत केले. टेबलावर जाड ब्लँकेट अंथरलं आणि इस्त्री सुरू केली.

दवाखान्यातल्या नर्सेसचे गणवेश, चौकातल्या हॉटेलचे टेबलक्लॉथ, शाळेतल्या मास्तरांचे शर्ट, सगळे तिच्याकडे यायचे. कोणाचं काय ते ओळखायला ती रंगीत धागा वापरायची. नर्सेसना निळा, हॉटेलला लाल, मास्तरांना हिरवा. दोन नर्सेस असतील तर एकीच्या धाग्याला एक गाठ, दुसरीच्या धाग्याला दोन. कागदाच्या चिठ्ठ्या तिला चालत नसत, कारण वाफेने शाई पसरते आणि मग नर्सचा झगा मास्तरांच्या घरी जातो. असं एकदा झालंही होतं. मास्तरांच्या बायकोने ते प्रकरण बरेच दिवस मिटू दिलं नव्हतं. आमच्या घरच्या कपड्यांना मात्र काकू कधी धागा बांधत नसे. घरचे कपडे कुठे हरवणार, असं म्हणायची. बाबांचे गोदामात जायचे शर्ट, दादाच्या पँट्स, माझा दवाखान्यातला पांढरा कोट, सगळं ती गिऱ्हाइकांच्या आधी हातावेगळं करायची.

बाबा एका मोठ्या गोदामात मालाची मोजदाद करायचे. आयुष्यभर पोती आणि खोकी मोजून त्यांना एकच तत्त्वज्ञान सापडलं होतं आणि ते घरात कोणी तोंड उघडलं की ऐकवायचे: मोजल्याशिवाय बोलू नये. बाजारातून आणलेल्या कांद्यांपासून शेजाऱ्याच्या मुलीच्या लग्नापर्यंत सगळीकडे हेच. आणि त्या वर्षी विजेचं बिल जरा फुगून आलं, तेव्हा याच माणसाने ताटावर बसून जाहीर केलं की इस्त्रीने घर खाल्लं.

पहिल्या दिवशी काकूने ते कानाआड केलं. दुसऱ्या दिवशीही बाबांनी तेच म्हटलं आणि आईने त्याला मऊ अस्तर लावलं. ताई, तुमचं वय झालं आता, किती दिवस उभ्या राहणार, पाय सुजतात तुमचे, सोडून द्या हे काम. मग दोघंही म्हणाले की काम नसलं तर तेवढी मोठी खोली तरी काय करायची आहे, मागे माझ्याबरोबर झोपावं, आम्हा दोघींनाही सोबत होईल. माझं नावही त्यात आलं. मला कोणी विचारलं नव्हतं. दादा खाली मान घालून जेवत होता, आणि दादा इतका मन लावून जेवतो तेव्हा त्यात काहीतरी काळंबेरं असतं.

ते काळंबेरं काय, हे काकूला आधीच माहीत होतं. तिने मला टेबलाखाली वाकून बघायला सांगितलं. फरशीवर खडूची रेघ होती, भिंतीपासून दारापर्यंत सरळ ओढलेली, आणि मधे एक चौकोन. ती कपडे पोचवायला गेली असताना दादाने टेप लावून खोली मापली होती. मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकायचं त्याच्या डोक्यात होतं, आणि रस्त्याकडची खोली घरात एकच.

"बिल वगैरे काही नाही ठमे," काकू म्हणाली. "माझ्या पायाखाली काऊंटर आखून झालाय."

मला वाटलं, ती आत जाऊन दादाचा कान पिळेल. मीच पिळला असता. पण काकूची चाल वेगळी होती. ती गल्लीतल्या वायरमनकडे गेली आणि त्याच्याकडून एक चपटी पांढरी डबी घेऊन आली. डबीच्या एका बाजूला पिना, दुसऱ्या बाजूला भोकं, मधे छोटा पडदा. भिंतीतल्या प्लगमध्ये डबी खोचायची, डबीत फ्रीज किंवा टीव्ही खोचायचा, की त्याने किती वीज खाल्ली ते पडद्यावर चढत जातं. त्या रात्री जेवताना तिने बाबांना एवढंच सांगितलं: "मोजल्याशिवाय बोलू नये, असं तुम्हीच म्हणता ना भाऊजी? मी मोजते. मग बोलू."

बाबांना नाही म्हणता येईना. स्वतःचंच वाक्य गिळायला फार मोठं तोंड लागतं.

दुसऱ्या दिवसापासून ती डबी घरभर फिरू लागली. एकेका वस्तूला एकेक दिवस. आणि काकूने आकडे कुठे लिहिले नाहीत, तिने तिच्या पद्धतीने धागे बांधले. दिवसाला एक युनिट खाल्लं की एक गाठ, अर्धं खाल्लं की सैल फास. चष्मा न लावता, जाता येता सगळ्यांना दिसावं म्हणून धागा त्या वस्तूलाच लोंबत ठेवायचा. पाहुणे आले की विचारायचे, फ्रीजला कोणाची नजर लागू नये म्हणून बांधलंय का. आई लाजून काहीतरी बोलायची आणि त्यांना दुसऱ्या विषयावर न्यायची.

मिक्सरचं मला फार नवल वाटलं. तो चालू झाला की आमच्याकडे कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नाही, मांजर माळ्यावर जातं, आणि त्याच्या वाट्याला साधा फासही आला नाही. फ्रीज बिचारा कोपऱ्यात उभा राहून नुसता गुणगुणायचा, तर त्याला तीन गाठी. ओरडणारा थोडकं खातो आणि गप्प बसणारा ताट चाटूनपुसून घेतो, हे मी आमच्या नातेवाइकांतही पाहिलं आहे. काकूने फ्रीजच्या दारात कागद धरून ओढला, तो लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला. दाराचं रबर सैल पडलं होतं आणि थंडी रात्रंदिवस स्वयंपाकघरात सांडत होती. आईने फ्रीजची बाजू अशी घेतली की पोटच्या पोराचीही कधी घेतली नसेल. मग तिनेच गुपचूप वायरमनला नवं रबर आणायला सांगितलं.

टीव्हीच्या खालचा केबलचा खोका बंद असतानाही खात होता. दादाचे चार्जर भिंतीला चिकटून बसलेले असायचे, पण त्यांचं खाणं चिमणीचं. न्हाणीघरातला गिझर डबीत बसेना, कारण त्याची वायर थेट भिंतीत गेलेली. त्यासाठी काकूने घरातलं बाकी सगळं बंद करायला लावलं आणि ती आणि मी बाहेरच्या मीटरसमोर उभ्या राहिलो. मीटरवरचा तांबडा दिवा लुकलुकतो, जितकी वीज जास्त तितका भराभर. आत दादा आंघोळ करत होता. त्याला वाटलं होतं, आम्ही गंमत करतोय. पण युवराजांची आंघोळ काही संपेना आणि दिव्याचं लुकलुकणं काही थांबेना. गिझरला दोन गाठी पडल्या आणि त्यातली सबंध एक युवराजांची होती. काकूने तो धागा न्हाणीघराच्या कडीला लावला आणि त्याने तो दोनदा काढून टाकला. दोन्ही वेळा तो परत लागला.

राहिली इस्त्री. बाबा म्हणाले, ती माझ्या डोळ्यांसमोर मोजायची, म्हणजे रविवारी. रविवारी काकूकडे काम नसायचं, कपडे शनिवारीच पोचवून व्हायचे. तिने तसं सांगितलं, की उद्या हॉटेलचा गठ्ठा येईल तेव्हा मोजू. बाबा हट्टाला पेटले. इस्त्री ती इस्त्री, रिकामी काय आणि कामावरची काय, लावा, मला आज बघायचं आहे.

काकूने माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि इस्त्री डबीत खोचली. तापवून उभी करून ठेवली. आम्ही सगळे टेबलाभोवती खुर्च्या टाकून बसलो. इस्त्री तापली, टक करून तिचा दिवा गेला, आणि मग ती बराच वेळ नुसती बसून राहिली. मधेच टक करून दिवा लागायचा, पुन्हा विझायचा. बाबांनी तासाभराचा आकडा घेतला, दिवसभराच्या कामाचा हिशेब बोटांवर केला, पुन्हा केला. दीड युनिट. एक गाठ आणि एक सैल फास. फ्रीजच्या निम्मी.

बाबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मोजणं त्यांच्या हट्टाचं, हिशेब त्यांच्या बोटांचा, आता तक्रार कोणाकडे करणार? आईने सुस्कारा सोडला आणि चहा टाकला. दादा बाहेर निघून गेला. मला इतका आनंद झाला की मी तो धागा इस्त्रीच्या मुठीला स्वतःच्या हाताने बांधला. ज्या माणसाने जन्मभर मालाचं वजन करताना पोत्याचं वजन वेगळं काढलं, त्याने घरी येऊन नुसतं रिकामं पोतं तोललं होतं आणि त्यालाच माल म्हटलं होतं. माझ्या ते ध्यानात आलं होतं. दवाखान्यात मी रक्त तपासण्याच्या खोलीत काम करते. उपाशीपोटीची साखर वेगळी आणि जेवणानंतरची वेगळी, हे मला कोणी शिकवायला नको. पण मी कशाला बोलू? खोली वाचली होती.

सोमवारी संध्याकाळी मी कामावरून आले तर काकूने तो धागा सोडून टाकला होता. टेबलावर हॉटेलचे टेबलक्लॉथ, पाणी शिंपडून दमट केलेले, आणि त्यांच्यावरून इस्त्री फिरत होती. तिचा दिवा लागलेला होता, विझायचं नाव घेत नव्हता. गार, ओलं कापड तिच्याखाली आलं की ती तापत राहणारच. भिंतीत डबी होती आणि काकूच्या गळ्यात नवा काळा धागा. त्याला सहा गाठी पडल्या होत्या.

मी दार लावून घेतलं आणि तिच्यावर चिडले. सरळ चिडले. म्हटलं, तुला कोणी सांगितलं होतं पुन्हा मोजायला? चूक बाबांची, हट्ट बाबांचा, ते त्यांचं ते बघतील. जिंकलीस ना, मग गप्प बस की. हातात आलेलं कोणी असं फेकून देतं का? मला आजही वाटतं, मी काही वावगं सांगत नव्हते. समोरच्याने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला तर तो उचलून आपल्या पायावर घ्यायचा, असं कुठल्या शहाण्याने सांगितलंय?

काकूने इस्त्री उभी केली.

"ठमे, इस्त्री थोडकं खाते म्हणून मला इथे राहू देणार. मग ती जास्त खाते असं उद्या कळलं की काढणार. माझं या घरात असणं काय गाठींवर मोजायचं? आणि खोट्या गाठीवर उभी राहून मी खऱ्या घड्या कशा घालू?"

माझा राग गेला नाही, फक्त त्याची दिशा बदलली.

रात्री सगळे जेवायला बसले तेव्हा काकूने गळ्यातला काळा धागा काढला आणि बाबांच्या ताटाशेजारी ठेवला. सहा गाठी आणि शेवटी एक सैल फास. बाबांना आधी कळेना हे काय. तिने सांगितलं, कालचं मोजणं चुकलं होतं, रिकाम्या इस्त्रीचं होतं. हे आजचं, कामावरचं. घरातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा हा धागा लांब आहे, हवं तर फ्रीज आणि गिझरचे काढून शेजारी ठेवा. दोन्ही मिळूनही पुरत नाहीत.

बाबांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं आणि मग हळूहळू उजेड. ते काही बोलणार, तेवढ्यात काकू म्हणाली:

"तुमचं खरं निघालं भाऊजी. माझी इस्त्री सगळ्यांत जास्त खाते. मी मोजून आणलंय, कोणी भांडायचं कारण नाही. आता विजेचं बोलणं संपलं. मग खरं काय ते बोला."

"खरं म्हणजे?" बाबा म्हणाले.

"खोली. हवी असेल तर मागा. तोंडाने मागा, बिलाच्या आडून नको. खडूची रेघ माझ्या टेबलाखाली आहे, मी ती पुसलेली नाही."

आई वाटीत चमचा फिरवत राहिली. वाटी रिकामी होती. बाबा आवाज चढवून म्हणाले की घर सगळ्यांचं आहे, इथे माझं तुझं कोणी करायचं नाही. हे वाक्य ते फार वर्षं वापरत आले होते आणि ते नेहमी चालायचं. त्या दिवशी काकूने तेही ताटात राहू दिलं नाही.

"सगळ्यांचं आहे, म्हणूनच त्यातली एक खोली माझी आहे," ती म्हणाली.

मी बापाची मुलगी, पण त्या क्षणी मला माझ्या बापाची लाज वाटली, आणि मी ती लपवली नाही. मी उठले आणि काकूच्या बाजूला जाऊन बसले. जेवणाच्या जागा आमच्याकडे ठरलेल्या असतात. कोणी जागा बदलली की ते भाषणापेक्षा मोठं होतं. आईने मला डोळ्यांनी खुणावलं. मी हललेसुद्धा नाही.

आणि मग दादा बोलला. त्याची मी आजवर टिंगलच केली, पण एवढं मात्र त्याच्या नावावर लिहीन. त्याने मान वर केली आणि तो म्हणाला, "काकू, मला हवीय ती खोली. दुकान टाकायचंय मला."

काकूने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"हे बरं केलंस. विचारलंस, म्हणून उत्तर देते. नाही."

एवढंच. तिने त्याला भात वाढला, स्वतः वाढून घेतला आणि ती जेवली. मी तोवर पुष्कळ ‘नाही’ ऐकले होते, रडून म्हटलेले, ओरडून म्हटलेले, शंभर कारणांच्या शेपट्या लावलेले. असा शेपटी नसलेला ‘नाही’ मी पहिल्यांदा ऐकला.

पुढच्या आठवड्यात वायरमन शिडी घेऊन आला. काकूने स्वतःच्या खोलीसाठी वेगळा मीटर मागितला होता आणि तो मंजूरही झाला होता. सहा गाठींचा धागा बघितल्यावर ती मागे हटेल, असं ज्यांना वाटलं त्यांच्या हे लक्षात आलं नाही की तिने तो धागा बघूनच अर्ज केला होता. किती लागणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. मीटर तिच्या दाराशेजारी बसला आणि तिथेच खिळा ठोकून तिने तो काळा धागा लटकवला. गिऱ्हाईक विचारायचं, हे काय? काकू सांगायची, माझ्या इस्त्रीची भूक. आणि खडूची रेघ तिने तेव्हा पुसली, ओल्या फडक्याने, गुडघ्यांवर बसून. मी मदतीला वाकले तर मला हाकललं.

बाबांनी अबोला धरला. त्या अबोल्यात ते स्वतःचे शर्ट इस्त्रीला देईनात. रोज सकाळी चुरगळलेल्या शर्टात ताठ मानेने गोदामात जायचे. आईने एकदा इस्त्री करायचा प्रयत्न केला आणि कॉलरला असा तपकिरी डाग पाडला की त्यानंतर चुरगळलेलंच बरं वाटू लागलं. दादाने मात्र तोंड लपवलं नाही. तो सायकलवाल्याकडे गेला, त्याच्या दुकानाची अर्धी पडवी मागितली आणि तिथे टेबल टाकलं. मागायची सवय लागली की माणसाचं बरंच काही सुधारतं. पहिल्या दिवशी त्याने काकूकडून कडक शर्ट करून घेतला आणि तिच्या पाया पडायला वाकला, तर ती म्हणाली, वाकू नकोस, घडी मोडेल.

शेवटी गोदामात कोणी मोठे साहेब येणार होते. त्या सकाळी मी काकूकडे कोट घ्यायला गेले होते. दारात बाबा उभे. हातात निळा शर्ट, आणि शर्टापेक्षा जास्त सुरकुत्या तोंडावर.

"वहिनी, होईल का?"

काकूने मान वर केली नाही. नर्सेसचा गठ्ठा आहे, तो झाला की होईल, बसा, असं म्हणाली. बाबा बाकावर बसले. माझ्या आठवणीत ते त्या खोलीत गिऱ्हाईक होऊन पहिल्यांदाच बसले होते. आधी नुसता शर्ट टाकून निघून जायचे. बसल्या बसल्या त्यांनी दाराशेजारचा मीटर पाहिला, त्याचा लुकलुकणारा दिवा पाहिला, धाग्याच्या गाठी पाहिल्या. बहुतेक त्यांनी त्या मोजल्या. सवयच ती.

नंबर आला तेव्हा काकूने शर्ट घेतला, रिळांच्या डब्यातून पिवळा धागा काढला आणि काजात ओवून गाठ मारली. पिवळा आजवर कोणाला दिलेला नव्हता.

"मला धागा?" बाबा म्हणाले. आवाज एकदम लहान झाला होता. "घरच्या कपड्यांना तुम्ही कधी बांधत नव्हता."

काकूने शर्टावर पाणी शिंपडलं.

"धागा परकं करायला नसतो भाऊजी," ती म्हणाली. "ज्याचं त्याला मिळावं म्हणून असतो."

आणि तिने इस्त्री टेकवली. वाफ वर आली. मीटरचा दिवा भराभर लुकलुकू लागला आणि बाबा शर्ट होईपर्यंत त्याच्याकडेच बघत बसले.